रोमन हॉलिडे संपल्यानंतर...

‘रोमन हॉलिडे’ न पाहिलेलं कोणी आपल्या हॉस्टेलवर असेल, तर त्याने हा लेख इथेच बाजूला ठेवावा, आधी पिक्चर बघावा आणि मग परत यावं. फक्त दोन तासांचा आहे. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून नाक मुरडू नका! पंधरा-वीस मिनिटांनंतर त्यात रंग नाहीत हे लक्षातही राहत नाही.

गोष्ट अगदी साधी. राजकन्या अ‍ॅन युरोपच्या दौऱ्यावर असते. रोज तीच भाषणं, तेच हस्तांदोलन, मिनिटामिनिटाचं टाईमटेबल. रोमला पोचल्यावर तिचा पेशन्स संपतो आणि ती रात्री गुपचूप दूतावासातून सटकते. (रेक्टरची नजर चुकवून सटकायचा मोह आपल्यालाही होतो, त्यामुळे ही भावना कळायला राजघराण्यात जन्मावं लागत नाही!) मग तिला भेटतो जो ब्रॅडली, एक कडका अमेरिकन पत्रकार. ती कोण आहे हे त्याला कळतं, पण तो तसं दाखवत नाही, कारण त्याला सनसनाटी बातमी हवी असते. दुसरा दिवसभर दोघं रोममध्ये भटकतात. ती केस कापून घेते, पायऱ्यांवर बसून आईस्क्रीम खाते, गर्दीत स्कूटर घुसवते, नदीवरच्या बोटीवर नाचते. आणि रात्रीपर्यंत जे व्हायचं तेच होतं. पण शेवटी ती आपल्या कर्तव्याकडे परत जाते, आणि तो हातातली बातमी सोडून देतो. संपला पिक्चर.

आमच्या विंगमध्ये हा पिक्चर औषध म्हणून चालतो. कोणाचं ब्रेकअप झालं, चेहरा दोन दिवस उतरलेला दिसला, की मॅगी, लॅपटॉप आणि ‘रोमन हॉलिडे’ अशी ट्रीटमेंट ठरलेली आहे. गेल्या पीएलमध्ये (म्हणजे अभ्यास सोडून जगातलं सगळं इंटरेस्टिंग वाटतं त्या काळात) मी त्या राजकन्येचं काम करणाऱ्या ऑड्री हेपबर्नबद्दल वाचायला घेतलं. एका चॅप्टरचं वाचन राहिलं ते राहिलंच, पण एक गोष्ट कळली. ज्या उन्हाळ्यात हा हलकाफुलका पिक्चर रोममध्ये शूट होत होता, त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात ऑड्रीचा लग्नाचा ड्रेस शिवला जात होता. आणि ते लग्न झालंच नाही. त्या ड्रेसची गोष्ट पुढे सांगते. त्याआधी ऑड्री कोण ते सांगायला हवं.

ऑड्रीचा जन्म ४ मे १९२९ चा, बेल्जियममधल्या ब्रसेल्सचा. आई एला व्हॅन हीम्स्ट्रा ही डच बॅरोनेस, म्हणजे एकदम खानदानी. वडील जोसेफ रस्टन ब्रिटिश. घरात सगळं होतं, फक्त शांतता नव्हती. १९३५ साली ऑड्री सहा वर्षांची असताना वडील घर सोडून निघून गेले. पुढे तिने युद्ध पाहिलं, उपासमार पाहिली, पण आयुष्यातला सर्वात मोठा घाव कोणता म्हटलं की ती वडिलांचं जाणं सांगायची. सहा वर्षांच्या मुलीला आपल्याला कोणीतरी सोडून जाऊ शकतं हे कळलं, आणि ती भीती तिच्या मनातून कधीच पूर्ण गेली नाही.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती इंग्लंडमध्ये शाळेत होती. इंग्लंडपेक्षा हॉलंड सुरक्षित, कारण पहिल्या महायुद्धात हॉलंड तटस्थ राहिला होता, असा हिशेब करून आईने तिला आर्नहेम गावी नेलं. हिशेब साफ चुकला! १० मे १९४० ला हिटलरचं सैन्य हॉलंडमध्ये घुसलं. ऑड्री हे नाव इंग्रजी वाटेल म्हणून ती एडा व्हॅन हीम्स्ट्रा झाली. आईवडील दोघंही तीसच्या दशकात ब्रिटिश फॅसिस्टांच्या बाजूचे होते हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण व्याप्त हॉलंडमध्ये आईचे डोळे उघडले. ऑगस्ट १९४२ मध्ये ऑड्रीच्या मावशीच्या नवऱ्याला जर्मनांनी ओलीस म्हणून गोळ्या घातल्या. एका सावत्र भावाला सक्तीच्या मजुरीसाठी बर्लिनला नेलं, दुसरा लपून राहिला.

या सगळ्यात ऑड्री बॅलेट शिकत होती. खिडक्यांना काळे पडदे लावून, दारं बंद करून घरगुती कार्यक्रम व्हायचे. ती नाचायची, लोक बघायचे आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण आवाज बाहेर जाता कामा नये. जमलेले पैसे नाझीविरोधी चळवळीला जायचे. आपल्या गॅदरिंगला आपण बेंच बडवून बडवून नाचणाऱ्यांना डोक्यावर घेतो. इथे पंधरा वर्षांची मुलगी जीव ओतून नाचते आणि समोर पूर्ण शांतता. कल्पना करा.

१९४४-४५ चा हिवाळा हॉलंडमध्ये ‘भुकेचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो. अन्नपुरवठा तुटला, हजारो माणसं मेली, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. ऑड्रीला अ‍ॅनिमिया झाला, कावीळ झाली, पाय सुजले. ४ मे १९४५ ला तिचा सोळावा वाढदिवस होता आणि ५ मे हा हॉलंडचा मुक्तिदिन. त्या काळात मदत संस्थांकडून आलेलं अन्न आणि औषधं ती आयुष्यभर विसरली नाही.

इथे अ‍ॅन फ्रँकची आठवण येतेच. दोघींचं जन्मसाल एकच, १९२९, आणि देशही एकच, हॉलंड. पुढे अ‍ॅनचे वडील ऑटो फ्रँक यांनी अ‍ॅनची भूमिका ऑड्रीने करावी असं सुचवलं होतं. तिला ते झेपलं नाही. डायरी वाचताना तिला स्वतःचंच बालपण दिसायचं.

युद्ध संपलं. आता एकच स्वप्न, मोठी बॅले डान्सर व्हायचं. १९४८ मध्ये ती लंडनला मारी रँबर्ट या नावाजलेल्या शिक्षिकेकडे गेली. तिथे तिला सरळ सांगण्यात आलं की उंची जास्त आहे आणि युद्धातल्या उपासमारीने शरीर इतकं कमजोर झालंय की मुख्य डान्सर होणं शक्य नाही. ज्याच्यासाठी सगळं सोसलं तेच हातातून गेलं. आपल्याकडे एक केटी लागली तरी दोन दिवस मेसमध्ये कोणी येत नाही!

ऑड्रीने मात्र घरभाडं भागवायला नाटकाच्या कोरसमध्ये नाचायला सुरुवात केली. मग पिक्चरमध्ये छोटी छोटी कामं. १९५१ मध्ये अशाच एका शूटिंगला ती माँटे कार्लोत असताना कोलेत या प्रसिद्ध फ्रेंच लेखिकेने तिला पाहिलं आणि आपल्या ‘जीजी’ या कथेवरच्या नाटकाची नायिका सापडली असं जाहीर करून टाकलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनजवळच्या पाईनवूड स्टुडिओत ‘रोमन हॉलिडे’साठी तिची स्क्रीन टेस्ट झाली. सीन संपला तरी कॅमेरा मुद्दाम चालू ठेवला होता. तिला वाटलं झालं एकदाचं, ती मोकळी होऊन हसायला-बोलायला लागली. दिग्दर्शक विल्यम वायलरला जे हवं होतं ते नेमकं त्या तुकड्यात होतं. व्हायव्हामध्ये सर मार्क लिहून झाल्यावर गप्पा मारतात तेव्हा आपण जसे खरे असतो, तसंच काहीसं.

आता १९५२ चा उन्हाळा आणि रोम. त्या काळी हॉलिवूडवाले परदेश म्हणून स्टुडिओतच सेट लावायचे. पण वायलरने अख्खा पिक्चर रोममध्येच चित्रित केला. उन्हाचा ताप, बघ्यांची गर्दी, स्कूटरचे आवाज, आणि मध्ये तेवीस वर्षांची ही नवखी मुलगी. समोर ग्रेगरी पेक, तेव्हाचा सुपरस्टार. करारानुसार मोठ्या अक्षरात एकट्या पेकचं नाव येणार होतं. पेकने स्वतःहून सांगितलं की हिचंही नाव माझ्याबरोबर वर लावा. असा को-स्टार नशिबाने मिळतो. सत्याच्या मुखाचा तो प्रसिद्ध सीन आठवतो ना? दगडी तोंडात हात घालायचा, खोटारड्याचा हात आत तुटतो अशी दंतकथा. पेकने हात बाहीत लपवून बाहेर काढला, आणि हे तिला आधी सांगितलंच नव्हतं. पडद्यावर ती जी किंचाळते ती खरीखुरी किंचाळते!

आता तो ड्रेस. ऑड्रीचं लग्न जेम्स हॅन्सन या इंग्लंडमधल्या उद्योगपती घराण्यातल्या तरुणाशी ठरलं होतं. रोममध्ये फाँताना सिस्टर्स नावाचं बड्या लोकांचे कपडे शिवणारं दुकान होतं. शूटिंगच्या दिवसांतच तिथे तिचा ड्रेस तयार होत होता. पण तिचं काम एका देशात, त्याचा धंदा दुसऱ्या देशात. लग्न करायचं तर खरोखर एकत्र राहायचं, नुसतं नावापुरतं नको, असं तिला वाटत होतं. आणि लहानपणी मोडलेलं घर पाहिलेल्या मुलीला हा प्रश्न बाजूला ठेवता येणं शक्य नव्हतं. शेवटी तिने लग्न मोडलं. ड्रेसचं काय करायचं? तिने फाँताना भगिनींना सांगितलं की लग्न ठरलेली पण असा ड्रेस परवडणार नाही अशी एखादी सुंदर इटालियन मुलगी शोधा आणि तिला देऊन टाका. त्यांनी खरंच तशी मुलगी शोधली. तिने तो ड्रेस घालून लग्न केलं आणि जपून ठेवला. २००९ मध्ये त्याचा लिलाव झाला तेव्हा ती आजी झालेली होती आणि संसार सुखाचा झाला, ड्रेस लकी ठरला, असं सांगत होती.

ऑड्रीच्या आयुष्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट ही. ऑस्करपेक्षाही.

ऑस्कर अर्थात मिळालंच. ‘रोमन हॉलिडे’ १९५३ मध्ये रिलीज झाला आणि २५ मार्च १९५४ ला ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. तीनच दिवसांनी ‘ऑन्डीन’ या नाटकासाठी टोनी अ‍ॅवॉर्ड. व्हेस्पा स्कूटर जगभर प्रसिद्ध झाली आणि तिच्या केसांची फॅशन तर पार आपल्या घराघरात पोचली. कशी म्हणता? ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) मध्ये साधनाचं मोठं कपाळ झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्रीसारखी कपाळावर बट कापून घ्यायला लावली, तोच आपला ‘साधना कट’! तुमच्या आजीच्या अल्बममध्ये शोधा, एखादा तरी फोटो सापडेल. म्हणजे रोमच्या त्या उन्हाळ्याचा थोडासा भाग आपल्याकडे सदाशिव पेठेपासून सांगलीपर्यंत येऊन गेलाय.

पुढचं आयुष्य मात्र पिक्चरसारखं सरळ नव्हतं. पेकनेच तिची ओळख मेल फेरर या अभिनेत्याशी करून दिली आणि सप्टेंबर १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये दोघांचं लग्न झालं. तिला मुलं हवी होती, खूप हवी होती. पण पुन्हा पुन्हा गर्भपात झाले. १९५९ मध्ये एका शूटिंगमध्ये घोड्यावरून पडून पाठीचं हाड मोडलं. जग तिला सर्वात सुंदर बाई म्हणत होतं तेव्हा ही घरात बसून रडत होती. अखेर १९६० मध्ये शॉन झाला. ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ (१९६१), ‘शराड’ (१९६३), ‘माय फेअर लेडी’ (१९६४) हे सगळे पिक्चर त्यानंतरचे. ‘माय फेअर लेडी’त तिने मेहनतीने म्हटलेली बहुतेक गाणी काढून मार्नी निक्सनचा आवाज वापरला आणि तिला ऑस्करचं साधं नॉमिनेशनही मिळालं नाही. तरी ती समारंभाला गेली आणि आपला हीरो रेक्स हॅरिसनला स्वतःच्या हाताने ट्रॉफी दिली.

याच काळात तिने वडिलांना शोधून काढलं. रेडक्रॉसच्या मदतीने पत्ता लागला, डब्लिनचा. इतक्या वर्षांनी भेट झाली. मला वाचताना वाटलं आता मिठी, अश्रू, बॅकग्राउंड म्युझिक! तसं काहीच झालं नाही. वडील तसेच कोरडे, अलिप्त राहिले. पण ऑड्रीने त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९८० पर्यंत, त्यांना पैसे पाठवले. हा भाग मला अजूनही पूर्ण पचलेला नाही. मी असते तर पाठवले असते का, माहीत नाही.

१९६८ मध्ये फेररशी घटस्फोट झाला. त्याच उन्हाळ्यात भूमध्य समुद्रातल्या एका बोटीच्या सहलीत तिला आंद्रेआ दोत्ती भेटला. रोमचा सायकिअ‍ॅट्रिस्ट, तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. इटालियन उन्हाळा, निळा समुद्र, मोडलेलं मन आणि नवीन प्रेम, म्हणजे पिक्चरच की! जानेवारी १९६९ मध्ये लग्न, १९७० मध्ये लुका. ती रोममध्ये राहायला गेली, पिक्चर जवळजवळ सोडले, मुलाला शाळेत सोडायला चालत जायची. पिक्चर असता तर इथेच ‘दी एंड’ आला असता. पण दोत्तीचे दुसऱ्या बायकांबरोबरचे फोटो पेपरात यायला लागले. ज्या रोमने तिला राजकन्या केलं, त्याच रोमच्या फोटोग्राफरांनी तिची लाज चव्हाट्यावर मांडली. मुलासाठी ती बरीच वर्षं थांबली. १९८२ मध्ये हाही संसार मोडला.

तर हिशेब मांडा. सहाव्या वर्षी वडील गेले. एकोणिसाव्या वर्षी बॅले गेलं. तेविसाव्या वर्षी लग्न मोडलं. मग दोन घटस्फोट. आपल्यापैकी कोणी असतं तर म्हटलं असतं, बस झालं, आता प्रेम हा सब्जेक्टच ड्रॉप.

आणि पन्नाशीत तिला रॉबर्ट वोल्डर्स भेटला. डच माणूस, लहानपणी त्यानेही हॉलंडमधलं युद्ध पाहिलेलं. त्याची बायको मर्ल ओबेरॉन १९७९ मध्ये वारली होती आणि तो त्या दुःखात होता. ही मर्ल ओबेरॉन म्हणजे आपल्या मुंबईत जन्मलेली हॉलिवूड स्टार. गोऱ्यांच्या जगात टिकायचं म्हणून तिने आपलं भारतीय मूळ आयुष्यभर लपवलं, पण तो एक वेगळाच लेख होईल. तर अशी ही दोन दुखावलेली माणसं एकमेकांशी आपल्या भाषेत, डचमध्ये, बोलायला लागली. त्यांनी लग्न केलंच नाही. स्वित्झर्लंडमधल्या तोलोशना गावात ऑड्रीचं ‘ला पेझिब्ल’ नावाचं घर होतं, म्हणजे ‘शांत जागा’. तिथे बाग, कुत्री आणि दोघं. आयुष्यातली सर्वात सुखाची वर्षं हीच, असं ती म्हणायची. पंचविशीतला ग्लॅमर नाही, ऑस्कर नाही, तर पन्नाशीनंतरची ही वर्षं!

१९८८ मध्ये ती युनिसेफच्या कामासाठी दुष्काळी इथिओपियात गेली. मग बांगलादेश, व्हिएतनाम, अनेक देश. वर्षाला मानधन फक्त एक डॉलर. वोल्डर्स जवळजवळ प्रत्येक दौऱ्यात बरोबर असायचा. हाडांचा सापळा झालेली मुलं पाहून मोठे मोठे लोक नजर वळवत. तिने वळवली नाही. भुकेचा हिवाळा तिने स्वतः काढला होता. सप्टेंबर १९९२ मध्ये ती सोमालियाला गेली. परत आल्यावर पोटात दुखायला लागलं, निघाला कॅन्सर. डिझायनर जिव्हाँशी हा तिचा जुना मित्र. त्याने तिला अमेरिकेहून घरी न्यायला खासगी विमानाची सोय केली आणि आत फुलंच फुलं ठेवली. २० जानेवारी १९९३ ला तोलोशनाच्या घरी ती गेली. वय त्रेसष्ट. गावातल्या छोट्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा वोल्डर्स तर होताच, पण फेररही आला होता आणि दोत्तीही.

आणि ग्रेगरी पेक? त्याने कॅमेऱ्यासमोर भरल्या डोळ्यांनी तिच्या आवडीची एक कविता वाचली. कवी होते रवींद्रनाथ टागोर, कविता ‘अनंत प्रेम’. एका दिवसाच्या प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या पिक्चरचा हीरो चाळीस वर्षांनी जन्मोजन्मीच्या प्रेमाची कविता वाचतो, आणि तीही आपल्या टागोरांची. अंगावर काटा आला वाचून.

लेखाच्या शेवटी काहीतरी बोध द्यायचा अशी आपल्या मॅगझिनची परंपरा आहे, म्हणून थोडंसं लिहिते. ऑड्रीचं मन मोडलं नाही असं नाही. चांगलं चार-पाचदा मोडलं, आणि प्रत्येक वेळी तिला त्रास झाला. पण ते कडू झालं नाही. वडिलांनी टाकलं, तिने त्यांना सांभाळलं. भूक सोसली, तर पुढे दुसऱ्यांच्या भुकेल्या पोरांना कडेवर घेतलं. लग्न मोडलं, तर ड्रेस दुसरीच्या अंगावर शोभू दिला. म्हणूनच कदाचित पन्नाशीत प्रेम दारात आलं तेव्हा ते तिला ओळखू आलं.

आपण सगळे वीस-एकवीसचे. या सेमिस्टरमध्ये ज्यांचं काही मोडलं असेल त्यांनी रडायचं तेवढं रडून घ्यावं, विंगमधले लोक मॅगी करून देतीलच. फक्त एका उन्हाळ्यावर अख्ख्या आयुष्याचा रिझल्ट लावू नका. ऑड्रीचा रिझल्ट लागायला अजून तीस वर्षं होती.